गाडी काट्यावर असेपर्यंत

उसाचे तुरे झडायला लागले आहेत. महिनाभर सगळं शिवार जांभळट-करडं दिसत होतं आणि वारा आला की एकदम एका अंगावर कलत होतं. आता ते तुरे पांढरे पडून सुटतात, खिडकीच्या जाळीत येऊन अडकतात. काल सकाळी पहिला ट्रक गावातून गेला, आणि वळणावर त्यातून दोन-चार कांडी खाली पडली. शेजारची मुलं आता ती उचलत नाहीत. पण पडलेली कांडी दिसली की मी मनात म्हणते, लाकूप लागली. ऊसतोडणीच्या हंगामाला आमच्या बेटावर सगळे लाकूप म्हणतात. घरात मराठी बोलतानाही तोंडात तोच शब्द येतो.

ईशा, नील, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. त्याला निमित्त झालं ईशाच्या फोनचं. ती मेलबर्नहून बोलत होती, आणि मध्येच म्हणाली, "आजी, एक मिनिट हं, माझी टेस्ट टाइमआउट झाली."

मी विचारलं, "किती थांबते ती?"

"पाच हजार."

"पाच हजार काय?"

 मग ती हसली. "मिलिसेकंद असणार. बघायला लागेल. पण आजी, तू हे कसं काय विचारलंस?"

मी तेव्हा सांगितलं नाही. फोनवर सांगण्याजोगं ते नव्हतं. त्यात उसाचा वास आहे, आणि राघोकाका आहेत.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी इंग्लंडात गणित शिकून परतले होते आणि एका साखर कारखान्यात लागले होते. मोंतान्य ब्लांशच्या आसपासचा ऊस तिथं येई. कारखान्याच्या प्रयोगशाळेला लागून एक थंडगार खोली होती. बाहेर उसाच्या रसाचा आंबूस-गोड वास, चिमणीतून उडणारी काजळी, दोरीवरच्या धुतलेल्या कपड्यांवर पडणारे काळे कण. आणि आत आल्यावर अंगावर शहारा आणणारी हवा आणि कपाटाएवढा कॉम्प्युटर. माणसांसाठी नव्हती ती हवा, कॉम्प्युटरसाठी होती. मी बारा महिने स्वेटर घालून बसायची. आई म्हणायची, "परदेशातून आलीस, पण थंडी बरोबर घेऊन आलीस."

त्या खोलीत आम्ही दोघं. मिस्ये गेतां माझे वरिष्ठ, पोर्ट लुईचे, बारीक मिशीचे, शीळ घालत काम करणारे. प्रोग्राम ते लिहायचे. माझं काम त्यांचा प्रोग्राम तपासण्याचं. म्हणजे दुसरा एक प्रोग्राम लिहायचा, जो माणसाचं सोंग घेऊन पहिल्याला प्रश्न विचारत बसेल आणि उत्तरं बरोबर येतात का ते पाहील. तुम्ही आज जे करता तेच, फक्त आमचा कागद लांबच लांब होता आणि छापताना करवत चालल्यासारखा आवाज करायचा.

त्या वर्षी उसाच्या वजनाचं काम कॉम्प्युटरवर जाणार होतं. कारखान्याच्या दाराशी दोन मोठे काटे होते, अख्खी गाडी चढेल असे. वजनकाट्याला तिथं बालांस म्हणायचे. एकावर कारखान्याच्या स्वतःच्या मळ्यांचे ट्रक चढत. दुसरा लहान शेतकऱ्यांचा. कुणाची बैलगाडी, कुणाचा भाड्याचा ट्रक, कुणाचा ट्रॅक्टर. त्या दुसऱ्या काट्यावर राघोकाका होते. माझ्या बाबांचे ते लहानपणापासूनचे सोबती. गणपतीत झाकरीच्या नाचाला ढोलकी त्यांचीच असायची, आणि वजनाच्या खोलीत मात्र ते शिक्षकासारखे ताठ बसायचे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावून.

त्या काट्यावर एक जुनी रीत होती. राघोकाका तबकडीवरचा काटा स्थिरावला की खिडकीतून मोठ्यानं वजन सांगत. खाली उभा असलेला शेतकरी स्वतः तबकडी बघे आणि तेच वजन त्यांना परत म्हणून दाखवी. त्यानं म्हटल्याशिवाय वजन लिहायचं नाही. कोणी मराठीत म्हणे, कोणी भोजपुरीत, बहुतेक जण बेटाच्या क्रेओल बोलीत. आपल्या पणजोबांच्या काळी वजन गोरा साहेब सांगेल ते, आणि मजुरानं मान खाली घालून पुढं जायचं, असं म्हातारी माणसं सांगत. पुढे ज्यांच्या मालकीचा जमिनीचा तुकडा झाला त्यांनी ही रीत पाडून घेतली. कायद्यात ती नव्हती. पण ती मोडायचं कोणाच्या मनातही आलं नसतं.

आम्ही सगळं तपासलं ते मधल्या महिन्यांत, कारखाना बंद असताना. माझ्या टेस्टनं कागदी गाड्यांवर गाड्या काट्यावर चढवल्या. नंबर दिला, वजन आलं, कबूल, पुढची. नंबर, वजन, कबूल, पुढची. एकही चूक नाही. मिस्ये गेतांनी त्या दिवशी सगळ्यांना गातो पिमां खायला घातली, आपल्या तिखट भज्यांसारखी असतात ना ती, पावात घालून.

एका बाबतीत मात्र मी त्यांच्या मागे लागले होते. त्यांच्या प्रोग्राममध्ये थांबण्याचे आकडे नुसतेच लिहिलेले असत. एका ठिकाणी पंधरा, तिथं सेकंद. एका ठिकाणी दहा, तिथं मिनिटं. एका ठिकाणी दोनशे, ते यंत्राच्या स्वतःच्या घड्याळाचे ठोके. मी म्हणायची, "मिस्ये, आकड्याशेजारी तो कशाचा आहे ते लिहा, आणि कशासाठी थांबतो आहोत तेही." ते म्हणायचे, "मादाम, मला ठाऊक आहे ना." मी म्हणायची, "तुम्ही सुटीवर गेल्यावर?" शेवटी त्यांनी मलाच ते काम दिलं. मी एकेका आकड्यापाशी थांबून त्याला नाव आणि परिमाण देत गेले. त्यामुळेच मला माहीत होतं की वजन पडद्यावर आल्यावर पंधरा सेकंदांत 'कबूल'ची कळ दाबली नाही तर वजन पुसलं जातं. त्यामागं कारण होतं. एक गाडी कळ न दाबताच उतरून गेली आणि दुसरी चढली तर एकाचा ऊस दुसऱ्याच्या नावावर पडेल. शहाणपणाचंच होतं ते. त्या शहाणपणात बोलणारं माणूस कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

लाकूप लागली की कारखान्याचा आवाज घराच्या भिंतीत शिरतो. रात्री उशीला कान लावला तरी तो ऐकू यायचा. बसमध्ये चढणाऱ्या बायका पायांना गोणपाट गुंडाळून, डोक्यावर रुमाल आणि त्यावर टोपी, हातात कोयता फडक्यात बांधलेला. त्यांच्या डब्यांतल्या पराठ्यासारख्या फराट्याचा आणि टोमॅटोच्या झणझणीत रश्शाचा, रुगायचा, वास सगळ्या बसभर. आमचा हिवाळा जुलैत, म्हणून वारा बोचरा, आणि दुपारचं ऊन मात्र रांगेतल्या उसाला सुकवणारं. तोडलेला ऊस फार वेळ तसाच राहिला की आंबतो, हलका होतो. रांगेत घालवलेला प्रत्येक तास शेतकऱ्याच्या गाडीतून जातो.

हंगाम सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतील, कारखान्याच्या आवारावर देखरेख करणारे साहेब आमच्या थंड खोलीत आले. त्यांच्या हातात आमच्याच कॉम्प्युटरनं छापलेला कागद होता. मळ्यांच्या काट्यावर वजन जवळजवळ कधीच पुसलं जात नव्हतं. राघोकाकांच्या काट्यावर दिवसातून कितीतरी वेळा. पुन्हा वजन करायला काटा आधी शून्यावर यावा लागे, म्हणून पुसलं की गाडी खाली, आणि रांगेच्या शेवटी.

"म्हातारा मंदावला," साहेब म्हणाले. "डोळे गेले असतील. सोमवारपासून त्याला आवारात घेतो, चाकांना दगड लावायला. काट्यावर तरुण माणूस बसवू."

 मी म्हटलं, "मी एकदा तिथं बसून पाहू का?"

"पाहा. पण सोमवारच्या आत."

वजनाची खोली लाकडी, पायऱ्या चढून जायची. आत काकांची थर्मासची बाटली, भिंतीवर गणपतीची तसबीर आणि टेबलावर तो हिरव्या अक्षरांचा पडदा. काकांनी त्याच्यावर रुमाल टाकून ठेवला होता, धूळ बसू नये म्हणून. काम नसलं की झाकायचे.

"ये गो बाय," ते म्हणाले. "तुझ्या कॉम्प्युटरला जरा समजाव. सारखा रुसतो."

"रुसतो म्हणजे?"

"वजन दावतो, आणि मग मधेच पुसून टाकतो. तोंड फिरवतो माझ्याकडनं."

खाली रांगेतून कोणीतरी ओरडलं, "माशिन-ला पे बुदे!" यंत्र फुगून बसलंय. सगळे हसले. ती रोजचीच थट्टा झाली होती.

मग चंद्रामावशींची गाडी काट्यावर आली. चंद्रामावशी विधवा, एकटीच्या बळावर ऊस करणाऱ्या. बैलांशी आणि माणसांशी एकाच आवाजात बोलायच्या. काकांनी कळ दाबली, वजन पडद्यावर आलं, काकांनी खिडकीतून ते मोठ्यानं सांगितलं. मावशींनी डोळ्यांवर हात धरून तबकडी पाहिली, बैल हलला म्हणून त्याला दटावलं, पुन्हा पाहिली, आणि म्हणाल्या, "दोन टन, तीनशे दहा. बराबर." काकांनी वळून कळीकडे बोट नेलं. पडदा कोरा होता.

"परत?" मावशी खालून कडाडल्या. "राघो! तुझं माशिन फक्त गरिबावरच कसं रुसतं रे? साहेबाच्या ट्रकांवर नाही ते रुसत!"

"चंद्रे, मी काय करू?"

"मला काय विचारतोस? तू बसलास वर!"

गाडी खाली उतरली आणि रांगेच्या टोकाला गेली. काकांनी आपल्या बोटांची उघडझाप करून पाहिली. मग हळूच म्हणाले, "खरं सांगू का गो? आता मलाच वाटाय लागलंय. हात जड झालेत माझे. घरी बायको भाकरीचा तुकडा हातात देते तर मी बघतो, नीट धरतोय का मी."

 त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की पंधरा सेकंदांची काही मर्यादा आहे. पडद्यावर तसं काही दिसत नव्हतं. माणसानं आपल्याच हातांवर शंका घ्यावी, आणि तीही एका आकड्यापायी, ज्याचं नाव त्याला ठाऊक नाही.

मी त्यांना समजावलं.  "म्हणजे चंद्रीनं बोलायचं नाही?" त्यांनी विचारलं. "मी आधी कळ दाबायची, मग तिनं म्हणायचं? मग तिनं कशाला म्हणायचं?"

मी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत पुढच्या गाड्यांचा वेळ मोजायला लागले.

आज त्या जागी काटा नाही. कारखाना बंद झाला, चिमणी तेवढी उभी आहे, आणि खाली बंगल्यांची वसाहत झाली आहे, प्रत्येक दारात बोगनवेल. उरलेला ऊस लांबच्या एका मोठ्या कारखान्यात जातो. मागे एकदा मी तिथं गाडीतून जाताना ड्रायव्हरला म्हटलं, जरा थांब. तो म्हणाला, "किती वेळ, मादाम?" मला सांगता येईना. तो बिचारा इंजिन चालू ठेवून बसला.

तर, मी खोलीत परतले आणि मिस्ये गेतांना सगळं सांगितलं. ते खरोखर ओशाळले. चांगला माणूस होता. लगेच म्हणाले, "आकडा द्या मला. वीस करू? तीस? की ऊ ले मो फेर, काय करू म्हणता?"

मी मनगटावरच्या घड्याळानं पाहून आले होते. कोणी झटकन म्हणे. कोणी आधी तंबाखू थुंकून मग म्हणे. एक म्हातारे गृहस्थ कानानं अधू, त्यांना त्यांची सून ओरडून सांगे आणि मग ते म्हणत. त्या सगळ्यांना पुरेल असा आकडा मला सापडत नव्हता. आणि आकडा मोठा केला की मिस्ये गेतांची मूळची भीती खरी होत होती, एकाचा ऊस दुसऱ्याच्या नावावर.

आम्ही खिडकीशी उभे होतो. समोर एक बैलगाडी काट्यावर उभी होती, बैल कान हलवत होते. मी बराच वेळ त्याच बैलांकडे पाहत होते आणि मला आईचं स्वयंपाकघर आठवलं. तिथं कधी कोणी मिनिटं मोजली नाहीत. दूध वर येईतो उभी राहा. भाताचं पाणी आटेपर्यंत हलू नको. बाबा नळावरून परत येईपर्यंत दार लावू नको. लंडनहून परतल्यावर मला या बोलण्याचा वैताग यायचा. मी स्वयंपाकघरात घड्याळ आणून लावलं होतं. आई त्याला रोज पुसायची आणि त्याच्याकडे एकदाही बघायची नाही.

"मिस्ये," मी म्हटलं, "गाडी काट्यावर उभी आहे तोवर दुसरी गाडी चढणार कुठून?"

"म्हणजे?"

"काट्यावर वजन आहे तोपर्यंत घाई कसली? त्यांना बोलू द्या. गाडी उतरली, काटा शून्यावर आला, की तिथून तुमचे पंधरा सेकंद मोजा."

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग कपाळावर हात मारला. "आयो मामा!" ते म्हणाले, आणि शीळ घालत खुर्चीकडे धावले.

पण लाकूप चालू असताना कारखान्यात कोणी काही बदलत नाही, हा तिथला नियम. चालत्या चरकाला हात लावायचा नाही. हाती फक्त रविवार होता. रविवारी चरक धुण्यासाठी थांबवत. सोमवारी सकाळी काका एक तर काट्यावर असणार होते, नाही तर चाकांपाशी दगड घेऊन.

त्या रविवारची शांतता मला आजही ऐकू येते. इतक्या दिवसांच्या घरघरीनंतर कान बधिर झाल्यासारखे. लांबून फक्त पाण्याच्या नळ्यांचा आवाज आणि कामगारांची हाक. मिस्ये गेतांनी बदल केला, आणि मी टेस्टमध्ये माणसं घातली. इतके दिवस माझ्या कागदी गाड्यांवर कोणी बसलेलंच नव्हतं. आता एक झटकन बोलणारा, एक तंबाखूवाला, एक कानानं अधू, एक बैलाला दटावणारी. पण त्या सगळ्यांसाठी खरोखर थांबायचं म्हटलं तर दिवस संपला असता. म्हणून आम्ही यंत्राला खोटं घड्याळ दिलं. इतका वेळ गेला असं त्याला सांगायचं, आणि ते विश्वास ठेवायचं. गाडी काट्यावर दुपारभर उभी राहिली असं सांगितलं, तरी वजन जागचं हललं नाही. गाडी उतरली असं सांगितलं आणि पंधरा सेकंद गेले म्हटलं, पुसलं. जसं हवं तसंच.

यंत्राला असं सांगता येतं, हे किती बरं आहे. ईशा, तुझा फोन येण्याच्या वारी मी सकाळपासून घरात वावरते, फुलझाडांना पाणी घालते, परत आत येते. मला कोणी सांगितलं की वेळ गेला, तर मी विश्वास ठेवणार नाही. पण माझी तक्रार नाही हो. तू फोन करतेसच.

सोमवारी सकाळी धुकं होतं. आवाराचे साहेब काट्याच्या पायऱ्यांशी उभे, हात मागे बांधलेले. त्यांना आम्ही सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले होते, "सकाळचं काम बघतो, मग ठरवतो." मी आत, काकांच्या मागे. काकांनी पडद्यावरचा रुमाल काढून घडी केला आणि खिशात ठेवला. मला म्हणाले, "आज रुसला तर मी आपणहून खाली उतरेन. साहेबानं सांगायची वाट बघणार नाही."

पहिल्या काही गाड्या सुरळीत गेल्या. तो म्हातारा आणि त्याची सूनही गेली. साहेब जागचे हलले नाहीत. मग चंद्रामावशींची गाडी चढली. काटा स्थिरावला. काकांनी वजन सांगितलं. त्यांचा आवाज जरा कापला.

मावशींनी तबकडी पाहिली. साहेबांकडे पाहिलं. बैलाच्या मानेवरचा जोखडाचा दोर सारखा केला.   पडद्यावर हिरवं वजन तसंच होतं. पंधरा सेकंद केव्हाच होऊन गेले असतील. काकांचं बोट कळीवर तरंगत होतं आणि तेही खाली येत नव्हतं, कारण मावशी अजून म्हणाल्या नव्हत्या.

"राघो," त्या शेवटी म्हणाल्या, "परत सांग."

काकांनी परत सांगितलं. या वेळी आवाज कापला नाही.

मावशींनी ते सावकाश, शाळेतल्या कवितेसारखं परत म्हटलं. काकांनी कळ दाबली. छापण्याची करवत चालली आणि पावती बाहेर आली. साहेबांनी पायऱ्या चढून येऊन ती वरच्या वर घेतली, पाहिली, काकांच्या हातात दिली आणि आपल्या ऑफिसकडे निघून गेले. दगड लावायला त्या दिवशी दुसरं कोणी होतं.

काका खिडकीतून अर्धे बाहेर वाकले. "चंद्रे, आज कान फुटले काय गो तुझे?"

"नाय रे," मावशी म्हणाल्या. "तुझं माशिन आज माणसासारखं थांबलं. म्हटलं, मग आपणबी दोनदा ऐकून घेऊ."

आणि बैलांना हाक मारून त्यांनी गाडी खाली घेतली.